पाटी बदलते, करार तोच

सरकारी आरोग्य योजनेचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : ‘विरोधात असताना बोंबा मारतात, सत्तेत आले की तीच योजना चालवतात.’ हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या बसस्थानकावर ते ऐकू येतं, हिंगोलीच्या कचेरीच्या आवारात ऐकू येतं आणि मुंबई-पुण्याच्या चर्चासत्रांतही ऐकू येतं. तिथं भाषा जरा सभ्य असते, एवढंच. वाक्य खोटं नाही. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष, की पुढारी भित्रे आहेत किंवा विकले गेलेत म्हणून ही योजना कुणी मोडीत काढत नाही, फार वरवरचा आहे. सगळ्या पक्षांचे पुढारी, वेगवेगळ्या राज्यांत, वर्षानुवर्षं एकाच प्रकारे भित्रे निघत असतील, तर खोट माणसांपेक्षा रचनेत शोधायला हवी.

माझं म्हणणं असं आहे. विम्याच्या वळणाची आरोग्य योजना रद्द होत नाही, कारण ती चालवणाऱ्याला श्रेय मिळतं आणि रद्द करणाऱ्याच्या दारात मढं येतं. तिच्यामुळं जे नुकसान होतं ते कुणाच्याच नावावर पडत नाही. म्हणून ‘योजना रद्द करा’ ही घोषणा कितीही तडफेनं दिली तरी तिचा शेवट नाव बदलण्यातच होतो. योजनेनं तालुक्याच्या दवाखान्याची जागा बळकावली आहे. ती जागा खालून भरून काढल्याशिवाय वरची योजना हलणार नाही, आणि ती जागा भरून काढा असं कुणी मागतही नाही. हे टप्प्याटप्प्यानं मांडतो.

नावं बदलली, वळण राहिलं

आधी इतिहास, कारण तो मोठा बोलका आहे. १९९७ मध्ये युती सरकारच्या काळात जीवनदायी आरोग्य योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना मोठ्या दुखण्यांसाठी मदत, असं तिचं साधं रूप होतं. आघाडी सरकारनं २ जुलै २०१२ रोजी तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. नांदेड त्या आठांत होतं, हिंगोली नव्हतं. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. आराखडा आंध्र प्रदेशच्या २००७ च्या आरोग्यश्रीवरून घेतलेला होता : पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, ९७२ उपचारांची यादी, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण आणि नॅशनल इन्शुरन्स कंपनीला कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता.

२०१४ मध्ये सरकार बदललं. योजना राहिली, २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांनी रांचीत आयुष्मान भारतची पंतप्रधान जन आरोग्य योजना सुरू केली, पाच लाखांच्या संरक्षणाची. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र जुंपल्या गेल्या. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं, कंपनी युनायटेड इंडिया झाली आणि हप्ता ७९७ रुपयांवर गेला. पुढच्याच महिन्यात कोविडमुळं ती सगळ्यांसाठी खुली केली गेली. जून २०२३ मध्ये शिंदे सरकारनं सर्वांसाठी पाच लाखांचा निर्णय घेतला, १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला, उपचारांची संख्या १३५६ झाली आणि हप्ता १३०० रुपये.

या काळात काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप, शिवसेना आणि पुढं झालेले त्यांचे सगळे तुकडे सत्तेत बसून गेले. एकानंही योजना मागं घेतली नाही, प्रत्येकानं ती वाढवली. जिथून आराखडा आणला त्या आंध्रातली कथा तर विनोदी वाटावी अशी आहे : राजशेखर रेड्डींची आरोग्यश्री चंद्राबाबूंच्या राज्यात एनटीआर वैद्य सेवा झाली, जगन मोहन आले तशी वायएसआर आरोग्यश्री झाली आणि २०२४ मध्ये चंद्राबाबू परतले तशी पुन्हा एनटीआर वैद्य सेवा. पाट्या रंगवणाऱ्यांना मात्र कामाची ददात पडली नसावी.

पहिली पायरी : उपकार दिसतो, उणीव दिसत नाही

योजनेतून एखाद्याची बायपास होते तेव्हा त्या घराला ती दिसते, भावकीला दिसते, गावाला दिसते. माणूस घरी येतो, छातीवरचा टाका दाखवतो, ‘एक रुपया लागला नाही’ म्हणतो. ज्या पुढाऱ्याच्या माणसानं फोन करून बेड मिळवून दिलेला असतो, त्याच्या नावे ते उपकार जमा होतात. इथं खोटं काही नाही. त्या माणसाचा जीव खरोखर वाचलेला असतो, आणि ही योजना नसती तर त्याच्या घरानं एकर-दोन एकर काढलं असतं हेही खरं.

आता दुसरी बाजू. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नव्हता म्हणून एका बाईला प्रसूतीसाठी रात्री पुढं पाठवलं, वाटेत रक्त गेलं. हे कुठल्या योजनेमुळं झालं? कुठल्याच नाही. कुठल्या मंत्र्याच्या निर्णयामुळं? कुणाच्याच नाही. नोंदीत ‘रेफर’ असा एक शब्द पडतो आणि प्रकरण संपतं. रिकाम्या पदाला चेहरा नसतो. न भरलेल्या जागेविरुद्ध मोर्चा निघतो तोही एखादा मृत्यू झाल्यावर, आणि चार दिवसांनी तो मृत्यू घरच्यांपुरता उरतो.

मतांच्या बाजारात या दोन गोष्टी कधीच समान भावानं तोलल्या जात नाहीत. एकीकडं मोजता येणारा, फोटो काढता येणारा, कार्डावर छापता येणारा लाभ आहे. दुसरीकडं न घडलेल्या गोष्टींची यादी आहे. कितीही धैर्यवान मुख्यमंत्री आणून बसवा, पहिली गोष्ट काढून दुसरीच्या मागं लागण्यात त्याला पाच वर्षांत नुसती बदनामीच मिळेल.

दुसरी पायरी : योजनेला धनी पुष्कळ, दवाखान्याला कुणी नाही

एकदा योजना उभी राहिली की तिच्याभोवती माणसं जमतात. नांदेड, अकोला, संभाजीनगर अशा शहरांतल्या खासगी रुग्णालयांच्या खाटा तिच्यावर भरतात. दाव्यांची छाननी करणाऱ्या कंपन्या असतात, विमा कंपनी असते, राज्य आरोग्य हमी सोसायटीचं कार्यालय असतं, प्रत्येक रुग्णालयाच्या दारातल्या टेबलावर आरोग्यमित्र असतो. गावाकडं ‘काम करून देणारा’ कार्यकर्ता असतो. रेशनकार्ड ऑनलाइन दिसत नाही, आधारवरचं नाव जुळत नाही, आयुष्मान कार्ड निघालेलं नाही, अशा प्रत्येक अडचणीवर एकेका माणसाचं पोट आणि वजन चालतं. उद्या कुणी योजना हलवायला गेला तर हे सगळे एका सुरात ओरडतील आणि पुढं रुग्णाला उभं करतील. रुग्णही मनापासून उभा राहील, कारण त्याच्याकडं दुसरं काहीच नाही.

ग्रामीण रुग्णालयाच्या बाजूनं कोण ओरडणार? तिथला कंत्राटी डॉक्टर पुढच्या ऑर्डरची वाट बघत असतो. रुग्णकल्याण समितीच्या बैठकीत बिलं मंजूर होतात. ज्याला चार पैसे परवडतात तो खासगीत गेलेला असतो. उरलेल्यांना आपण काय मागू शकतो याचाच अंदाज नसतो. जे कधी पाहिलंच नाही ते मागणार कसं? सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या तरुण मतदारानं आपल्या उभ्या आयुष्यात पूर्ण भरलेलं ग्रामीण रुग्णालय, म्हणजे फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकाच वेळी हजर असलेलं, पाहिलंय का, हे विचारून पाहावं. देशभरात सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर तज्ज्ञांच्या गरजेच्या सुमारे ८० टक्के जागा भरलेल्या नाहीत, असं केंद्राचीच २०२१-२२ ची ग्रामीण आरोग्य आकडेवारी सांगते. आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय म्हणजे त्याच पातळीचं केंद्र.

तिसरी पायरी : दुखणं शेतात, पैसा शहरात

हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं थोडा थांबतो.

सेनगावकडं माणसं कशानं आजारी पडतात? सोयाबीनच्या, हळदीच्या रानात साप चावतो. फवारणीचं औषध नाकातोंडात जातं, किंवा कुणी ते मुद्दाम पोटात घेतं. बाळंतपणात रक्तस्राव होतो. पावसाळ्यात तापाची साथ येते. चाळिशी ओलांडली की बीपी, शुगर लागते आणि गोळ्या कायमच्या होतात. मोटारसायकलचे अपघात आहेत. लहान मुलांचे न्यूमोनिया आहेत. यातल्या बहुतेक दुखण्यांचा निकाल पहिल्या तासा-दोन तासांत लागतो, नाहीतर पुढची वीस वर्षं दर महिन्याच्या गोळ्यांवर लागतो. योजना या दोन्ही टोकांना हात लावत नाही. ती मधल्या एका कप्प्यात काम करते : रुग्ण मोठ्या शहरात पोचला, दाखल झाला, त्याचं दुखणं यादीत बसलं, पूर्वपरवानगी आली, की मग.

घोणस चावलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. त्याला हवी असते प्रतिविषाची लस, ती देताना काही उलटलं तर सावरणारा डॉक्टर आणि रक्त गोठतंय का हे बघण्यासाठी काचेची एक साधी नळी. नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून बघायची, एवढी ही तपासणी सोपी आहे. नाग किंवा मण्यार असेल तर श्वास चालू ठेवण्याची सोय लागते. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात झालं तर खर्च काही हजारांत राहतो. तिथं झालं नाही आणि रुग्ण हिंगोलीला, तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर नांदेडला गेला, की मूत्रपिंडं निकामी होतात, व्हेंटिलेटर लागतो, डायलिसिस लागतं, आणि मग ते दुखणं ‘योजनेत बसतं’. सरकार लस वेळेवर देण्याचे पैसे वाचवतं आणि उशिराचं पॅकेज भरतं. आणि त्या पॅकेजचा आकडा वार्षिक अहवालात योजनेचं यश म्हणून छापून येतो.

याच्या उलट काय होऊ शकतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर होते. विंचूदंशानं पटापट माणसं, विशेषतः पोरं मरत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, विषाचा हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून मृत्यू झपाट्यानं खाली आणले. ‘लॅन्सेट’नं त्यांचं काम छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्यात ना पॅकेज होतं ना पूर्वपरवानगी. एक डॉक्टर जागेवर राहत होता, एवढी एकच सोय होती. असे बावस्कर घाऊक निपजत नाहीत, कबूल. पण जागेवर राहणारे साधे डॉक्टर घाऊक नेमता येतात, आणि लोकांना तेवढे पुष्कळ आहेत.

पॅकेजच्या हिशेबाची आणखी एक खोड आहे. ते केलेल्या कामाचे पैसे देतं, टाळलेल्या कामाचे नाही. केंद्राच्या आधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार, छत्तीसगडमध्ये गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं २०१२ च्या सुमारास उघडकीला आली. म्हणून पुढच्या योजनांत काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवाव्या लागल्या. आपल्या योजनेत तर अशा राखीव उपचारांची संख्या शंभराहून जास्त राहिली आहे. ही राखीव यादी म्हणजे सरकारनं दिलेली कबुलीच आहे : खासगीला सोडलं तर काय होईल हे आम्हाला ठाऊक आहे. पण ज्या सरकारी रुग्णालयात सर्जनच नाही, तिथं ‘राखीव’ म्हणजे ‘बंद’.

हिंगोली जिल्ह्याचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. घरात सरासरी पाच माणसं धरली तर दोन लाख पस्तीस हजार कुटुंबं होतात. सगळ्यांना योजना लागू, म्हणून कुटुंबामागे १३०० रुपये गुणले तर एका जिल्ह्याच्या नावानं वर्षाला साधारण तीस कोटी रुपयांचा हप्ता निघतो. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे पाच तालुके. तालुक्यामागे सहा कोटी.

आता दुसरीकडून मोजा. तालुक्याला चार तज्ज्ञ डॉक्टर महिना दोन-दोन लाखांवर नेमायचं म्हटलं तरी वर्षाला ९६ लाख लागतात. त्यावर भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्तसाठ्याची सोय, औषधं, राहायला बऱ्या खोल्या धरल्या तरी सहा कोटींत बरंच उरेल. हा अंदाज ठोकळ आहे, हे मला कळतं. हप्त्यातले पैसे रुग्णांवरच खर्च होतात, उरलेल्या रकमेतला मोठा भाग कंपनीनं परत करायचा अशी कलमंही अशा करारांत असतात. कंपनी सगळं गिळते असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा पैशाच्या वाटेचा आहे. हे पैसे जिल्ह्यातल्या माणसांच्या नावानं निघतात आणि जिल्ह्याबाहेरच्या खाटांवर उतरतात. त्यातला एक रुपयाही सेनगावात दुसऱ्या दिवशी काम देईल अशा यंत्रात, माणसात किंवा इमारतीत साठत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच हप्ता, पुन्हा तोच प्रवास.

आणि रुग्णाचा स्वतःचा खर्च? तो योजनेच्या आकड्यांत येत नाही. देशाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. आठ वर्षांपूर्वी हाच वाटा ६४ टक्के होता, त्यामुळं सुधारणा झाली हे मान्य करायला हवं. पण उरलेल्या खर्चात औषधं, तपासण्या आणि दाखल न होता घेतलेले उपचार यांचा भाग मोठा आहे, आणि नेमकं हेच योजनेच्या बाहेर आहे. रुग्णाबरोबर जाणाऱ्या दोन माणसांचं जेवण, गाडीभाडं, बुडालेली मजुरी यांचा हिशेब तर कुणी ठेवतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या, असं निवेदन मुख्यमंत्र्यांना पाठवलं. त्यात किडनीचा भाव ७५ हजार लावला होता. ते आंदोलन कर्जाचं होतं, आरोग्याचं नव्हतं. पण ज्या घरांची शिल्लक इतकी आटली आहे, त्यांना महिन्याच्या आठशे रुपयांच्या गोळ्या आणि पाच लाखांचं संरक्षण यांतलं आधी काय लागतं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

रद्द करणाऱ्यांचं काय झालं

घोषणेचा कस लागतो तो सत्तेत आल्यावर. दोन दाखले पुरेत.

अमेरिकेत ओबामांनी २३ मार्च २०१० रोजी आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली. त्या दिवसापासून रिपब्लिकन पक्षानं ‘रद्द करू’ हा एकच घोष धरला, प्रतिनिधिगृहात डझनावारी वेळा त्यासाठी मतदान केलं. २०१७ मध्ये अध्यक्ष त्यांचा, दोन्ही सभागृहं त्यांची. आणि २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ अशी हार झाली. जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून दिलेलं मत जगभर दाखवलं गेलं. तेव्हाही सगळ्यांनी मॅकेन यांच्या धैर्याची किंवा दगाबाजीचीच चर्चा केली. खरी गोष्ट साधी होती : सात वर्षांत दोन कोटींच्या घरात माणसं त्या कायद्याखाली आली होती, आणि त्यांना उद्यापासून काय देणार याचं उत्तर रद्द करणाऱ्यांकडं नव्हतं. २०२४ च्या वादविवादात ट्रम्प यांना पर्यायाबद्दल विचारलं, तेव्हाही त्यांच्याकडं सांगण्यासारखी योजना नव्हती, योजनेच्या कल्पना होत्या.

छत्तीसगड आपल्या शेजारचं. २०१८ च्या शेवटी काँग्रेस तिथं सत्तेत आली आणि आरोग्यमंत्री टी. एस. सिंहदेव यांनी आयुष्मान भारत सोडून सरकारी दवाखान्यांतून सर्वांना आरोग्यसेवा देण्याची भाषा केली. भाषा बरोबर होती, माणूसही गंभीर होता. तरी १ जानेवारी २०२० रोजी जे सुरू झालं ते डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना : कार्ड तेच, पॅकेज तेच, विमा कंपनीऐवजी सरकारी न्यासामार्फत पैसे. मधला दलाल काढला हे चांगलंच झालं. पण वळण बदललं नाही, कारण दवाखाने वर्षभरात उभे राहत नसतात आणि रुग्ण वर्षभर थांबत नसतो. पुढं सरकार बदललं आणि तिथंही पाटी बदलली. पश्चिम बंगाल २०१९ मध्ये आयुष्मानमधून बाहेर पडला, पण स्वतःची त्याच वळणाची स्वास्थ्य साथी चालवत राहिला.

ही उदाहरणं पाहिल्यावर ‘आपलेच पुढारी नालायक’ हे म्हणणं टिकत नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यांत जड आहे : योजनेनं जीव वाचवलेत, ते तू नाकारतोस का? नाकारत नाही. हृदयाच्या झडपा, कर्करोग, डायलिसिस यांसाठी जिल्ह्याच्या गरीब माणसाला दुसरी वाट नव्हती. म्हणूनच ती एका झटक्यात रद्द करा, हे मी म्हणत नाही. पण एखादी गोष्ट जीव वाचवते म्हणून तिच्यामुळं जे जीव जातात त्यांची गणतीच करू नये, हा तर्क मला पटत नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की भ्रष्टाचार रोखा, योजना सुरळीत होईल. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगनं आयुष्मानच्या नोंदीत एकाच मोबाइल नंबरवर साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी असल्याचं दाखवलं, ते वाचून सगळ्यांना चेव आला होता. घोटाळे धरलेच पाहिजेत. पण समजा उद्या प्रत्येक नोंद चोख झाली, प्रत्येक दावा खरा निघाला. तरी घोणस चावलेला माणूस नांदेडलाच जाणार. प्रामाणिकपणे चाललेली चुकीच्या जागची योजना, एवढाच त्यात फरक पडेल.

तिसरा आक्षेप अधिकारी मंडळींचा : सरकारी रुग्णालयंही योजनेत आहेत, दाव्यांचे पैसे त्यांनाही मिळतात, त्यातून ती सुधारतील. ज्यांच्याकडं आधीच डॉक्टर आहेत त्या वैद्यकीय महाविद्यालयांना मिळतात, हे खरं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सर्जन नाही म्हणून शस्त्रक्रिया नाही, शस्त्रक्रिया नाही म्हणून दावा नाही, दावा नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून सर्जन नाही. हे चक्र ग्रामीण रुग्णालयाला स्वतःच्या बळावर तोडता येत नाही.

‘सरकारी दवाखाना कधी सुधारणार नाही, खासगीच बरा,’ हा चौथा आक्षेप मध्यमवर्गाचा लाडका आहे. २ ऑक्टोबर २०२३ च्या सुमारास नांदेडच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बाळं होती, तेव्हा हे सगळीकडं बोललं गेलं. त्या रुग्णालयावर हिंगोली, परभणी, यवतमाळपासून शेजारच्या तेलंगणापर्यंतचा भार पडतो. त्यातली निम्मी बाळं आपापल्या तालुक्यात वेळेवर सांभाळली गेली असती तर तिथं खाटा मोकळ्या असत्या. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडं दिली, ती रखडली, मग २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण नेमलं. मधल्या काळात डॉक्टर चिठ्ठीवर ‘बाहेरून आणा’ लिहीत राहिले. हा सरकारी दवाखान्याचा स्वभाव आहे असं समजणं चूक आहे. हे निर्णयांचं फळ आहे, आणि निर्णय बदलता येतात. तमिळनाडूनं १९९० च्या दशकातच औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ करून ते दाखवून दिलंय.

मग मागायचं काय

२०११ मध्ये डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटानं नियोजन आयोगाला सांगितलं होतं : करातून पैसा उभा करा, सार्वजनिक सेवा भक्कम करा, औषधं मोफत द्या आणि सेवाखरेदीसाठी विमा कंपन्या मध्ये घालू नका. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोविडच्या खर्चासह, तो १.८४ टक्के होता. म्हणजे उत्तर कुणाला माहीत नाही अशातला भाग नाही.

हिंगोलीला २०२४ पासून शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. या दोन्ही गोष्टी योजनेपेक्षा मोठ्या ठरू शकतात, जर महाविद्यालयातले शिकाऊ आणि तज्ज्ञ डॉक्टर पाळीपाळीनं सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या रुग्णालयांत बसवले तर. नाहीतर महाविद्यालयही हिंगोली शहरापुरतंच राहील आणि मोफत केसपेपर हातात घेऊन माणूस बाहेरच्या मेडिकलवर उभा असेल.

म्हणून ‘रद्द करा’ऐवजी मागणी अशी हवी, की जो उपचार तालुक्याच्या रुग्णालयात नियमित व्हायला लागेल, तो त्या तालुक्यापुरता खासगी पॅकेजच्या यादीतून निघेल आणि त्याच्या वाट्याचा हप्ता त्या रुग्णालयाच्या खात्यावर जाईल. सुरुवात सिझेरियन, हर्निया, अपेंडिक्स, साधी हाडमोड, सर्पदंश यांपासून करता येते. दुसरं, बीपी-शुगरच्या गोळ्या उपकेंद्रात अखंड मिळाव्यात आणि जिथं महिनाभर खंड पडेल तिथं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कारण द्यावं लागावं. अशा रीतीनं योजना आक्रसत जाते आणि हृदय, कर्करोग, डायलिसिस एवढ्यापुरती उरते. कुणाच्या हातातलं कार्ड कुणी हिसकावत नाही, त्यामुळं कुणाच्या दारात मढंही येत नाही.

विम्याचे करार मुदतीचे असतात. मुदत संपत आली की मुदतवाढ मिळते, नवा हप्ता ठरतो, शासन निर्णय निघतो; विधिमंडळात त्यावर बोलणं झालंच तर पुरवणी मागण्यांच्या गडबडीत. पुढच्या नूतनीकरणाआधी जिल्हा नियोजन समितीपुढं एक तक्ता यायला हवा : गेल्या वर्षी सेनगाव तालुक्यातल्या किती रुग्णांचे दावे झाले, कुठल्या उपचारांचे, कुठल्या शहरात, किती रुपयांचे, आणि त्याच वर्षी सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयातली कुठली पदं किती महिने रिकामी होती. दोन्ही रकाने शेजारी शेजारी. समितीनं तो मागवला नाही तर माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.